परत न आलेल्या नावांची वही: सीमाभागात आरोग्यसेवेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात आशाताई, सिस्टर, समुपदेशक किंवा डॉक्टर म्हणून तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात कागदांचा गठ्ठा पडेल. लसीकरणाचे तक्ते, औषधांच्या याद्या, महिन्याचे रिपोर्ट. समोर येऊन बसलेल्या माणसावर आधी काय गुदरलंय, याबद्दल त्या गठ्ठ्यात एक ओळही नसेल. मी या भागात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं. माझ्या अनुभवात लोकांच्या आजारामागे आणि त्याहून जास्त दवाखाना टाळण्यामागे ही न लिहिलेली ओळ असते. ती ओळखून काम कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘ट्रॉमा’ म्हटलं की अपघात विभाग डोळ्यांसमोर येतो, मोडलेलं हाड, डोक्याला टाके. इथे ट्रॉमा म्हणजे मनावर आणि शरीरावर बसलेला असा आघात, जो प्रसंग सरला तरी अंगातून सरत नाही. रोजची मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, पुरात डोळ्यांदेखत गेलेलं घर, जातीमुळे दारातून परतवून लावणं, बाळंतपणाच्या टेबलावर खाल्लेली चापट, हे सगळं त्यात येतं. धोका दिसला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं. ज्याच्यावर असा प्रसंग वारंवार आलाय त्याचं शरीर धोका नसतानाही तसंच वागतं. काउंटरवर आरडाओरडा करणारा दारुडा, औषध न घेताच उठून गेलेली बाई, दहा वेळा विचारूनही तोंड न उघडणारी पोरगी, हे तिघं तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील. आपण त्यांना भांडकुदळ, बेफिकीर आणि अडाणी म्हणून मोकळे होतो.

याचा शारीरिक आजाराशी संबंध आहे का, असं नवीन डॉक्टर हमखास विचारतात. आहे, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा यांनी 17,000 हून अधिक लोकांना बालपणातल्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं. त्याचे पहिले निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी जितक्या प्रकारचे आघात जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. हे लोक बहुतेक मध्यमवर्गीय आणि विमा असलेले होते. आपल्याकडे त्याच आघाताच्या जोडीला गरिबी, जात, कर्ज आणि अंतर येतं. मात्र त्या अभ्यासातली प्रश्नावली घेऊन गावात गुण देत फिरू नका. ती लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नाही.

पहिलं काम: रजिस्टर घेऊन बसा

रुजू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक दुपार मोकळी काढा. बीपी-शुगरचं, गरोदर बायांचं आणि टीबीचं रजिस्टर समोर घ्या आणि जी नावं एकदाच येऊन थांबली, ती वेगळ्या वहीत उतरवून काढा. नाव, वस्ती, कामधंदा, शेवटची तारीख. एवढंच लिहा. कुणाच्या आयुष्याची हकीकत त्या वहीत लिहायची नाही, आणि वही कुलपात ठेवायची.

तीन-चार पानं भरली की वस्त्या आपोआप दिसू लागतात. कुठे ती विडी वळणाऱ्या बायांची एकच गल्ली असते, कुठे ऊसतोड टोळीच्या कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कुठे नदीकाठची खालची आळी, कुठे गावाबाहेरचा समाज. केंद्र सगळ्यांसाठी एकच, गोळी सगळ्यांना फुकट, आणि तरी गळणारी नावं ठरावीक वस्त्यांतली. आरोग्यातली विषमता अहवालात वाचण्याआधी तुम्हाला ती तुमच्याच अक्षरात दिसेल.

शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ऐकत नाही’, ‘डिफॉल्टर’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या वहीत ते शब्द आणू नका. त्या जागी ‘का, ते विचारायचं’ असं लिहा. मग त्या घरी जा, पण दारात उभं राहून “गोळ्या न्यायला का आला नाहीस?” असं गल्लीला ऐकू जाईल असं विचारू नका. टीबी असो की एचआयव्ही, त्या एका वाक्याने माणसाची सोयरीक मोडू शकते. “इकडून चाललेले, म्हटलं भेटून जावं” एवढं पुरतं. पाणी दिलं तर प्या. कुणाच्या घरचं पाणी तुम्ही पिता आणि कुणाच्या घरचं नको म्हणता, हे वस्ती नीट बघत असते.

एका ऊसतोड टोळीची गोष्ट सांगते. हंगामात मराठवाड्यातून आलेली माणसं, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा लागतो आणि तो हिशेबातून कापला जातो. सात महिन्यांची गरोदर बाई तपासणीला येत नव्हती आणि सगळे तिला बेजबाबदार म्हणत होते. आम्ही संध्याकाळी कोपीवर गेलो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “दवाखान्यात गेलं की पिशवी काढत्यात.” बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला होता आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. तिच्या मोठ्या जावेचं ऑपरेशन तसंच झालेलं. तिच्या दृष्टीने धोक्याची जागा दवाखानाच होती. पुढच्या तपासण्या आम्ही फडाजवळ, मुकादमाला आधी सांगून, संध्याकाळी केल्या. तिच्याकडे महाराष्ट्राचं कार्ड होतं. गरोदर बायांना आपल्याकडे कर्नाटकात मिळणारं तायी कार्ड नाही म्हणून कुणी तिला परत पाठवायचं नाही, हे आधी ठरवून घ्यावं लागलं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आणि आईला जिल्ह्याची हद्द विचारत बसणं बरं नव्हे.

दुसरं: रुग्ण होऊन दारातून आत या

एक सकाळ अ‍ॅप्रन, ओळखपत्र बाजूला ठेवा आणि फाटकापासून तपासणीच्या खुर्चीपर्यंत चालत या. वाटेत काय काय दिसतं, ऐकू येतं, ते लिहून काढा. रखवालदार काय म्हणतो? चिठ्ठी काढताना आजार मोठ्याने सांगावा लागतो का? बसायला बाक आहे का, की भिंतीला टेकून उभं राहायचं? संडासाला आतून कडी आहे का? तपासणीच्या खोलीला पडदा आहे का, आणि असला तर कुणी ओढतं का?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका केंद्रात मी स्वतःच चुकले. रांगेतल्या एका बाईच्या मुलाचा फॉर्म भरत होते. “बापाचं नाव?” ती गप्प. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. मागच्या दोघी बाया एकमेकींकडे बघून हसल्या. ती मुलाला उचलून बाहेर पडली, आणि लस राहून गेली. ती देवाला सोडलेली, देवदासी होती. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात. मुली सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि कर्नाटकात 1982 मध्ये कायदा झाला, तरी त्या बायका आणि त्यांची लेकरं आपल्यातच राहतात. तो रकाना रिकामा ठेवून लस देता आली असती. त्यानंतर मी रांगेत कुणालाही नवरा, बाप, जात विचारलेली नाही. काय कागदाला लागतं आणि काय केवळ सवयीने विचारलं जातं, याची यादी तुम्हीही करा. सवयीचे प्रश्न बरेच निघतील.

पैसे न लागणाऱ्या दुरुस्त्या आधी उरका. नावाऐवजी नंबर पुकारा, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा म्हणजे बसलेल्याला बाहेरची वाट दिसते, आणि किती वेळ लागेल ते आधी सांगा. मोठी माणसं तासभर बसतात, पण कशासाठी बसलोय हे न कळता बसवलं की उठून जातात.

भाषेबद्दल, जरा सविस्तर

1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून हा भाग भाषेच्या वादात जगतोय. तो वाद न्यायालयात आणि रस्त्यावर चालायचा तो चालो. तपासणीच्या खोलीत माणसाला ज्या भाषेत दुखतं त्या भाषेत बोलता आलं पाहिजे. खानापूरच्या मराठी आज्जीसमोर बागलकोटकडून आलेला तरुण डॉक्टर बसतो, तो मनापासून चांगला असतो, पण आज्जीला “डोकं जड झालंय, काळजात धस्स होतंय” हे सांगता येत नाही. ती फक्त “डोकं” म्हणते, आणि डोकेदुखीची गोळी घेऊन घरी जाते. याच्या उलटही तितकंच घडतं. मराठी सिस्टरपुढे कन्नड बाई अशीच अडकते.

शब्द फसवतात, तेही लक्षात ठेवा. कन्नड बाई “संकट आगतैती” म्हणाली तर तिच्यावर काही आपत्ती आली, असं मराठी कानाला वाटतं. ती पोटातली किंवा छातीतली कासाविशी सांगत असते. आपल्या बायाही दुःख दुःख म्हणून सांगत नाहीत. “अंग ठणकालंय”, “पोटात गोळा येतोय”, “जीव लागंना”, “रात्री दचकून जाग येती” ही त्याची नावं. तपासण्या नॉर्मल येऊनही असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर “काही नाही, टेन्शन घेऊ नका” म्हणून चिठ्ठी पुढे सरकवू नका. तिथेच थांबा आणि विचारा, “हे कधीपासून सुरू झालं? त्या सुमाराला घरात काही झालं होतं का?”

कन्नड येत नसेल तर निदान दोन शब्द पाठ करा: ‘कुंद्री’ म्हणजे बसा, ‘अंजब्याड्री’ म्हणजे घाबरू नका. मराठी येत नसलेल्या सहकाऱ्याला “बसा” आणि “घाबरू नका” शिकवा. दुभाषा लागला तर नवरा, सासू किंवा दहा वर्षांची पोरगी यांना मध्ये घालायचं नाही. ज्याच्या भीतीने ती गप्प आहे, तोच तिचं बोलणं सांगायला बसतो, आणि पोरीच्या कानावर आईची अशी गोष्ट पडते जी तिला जन्मभर पुरते. दुसऱ्या सिस्टरला बोलवा, नाहीतर शेजारच्या वॉर्डातल्या सहकाऱ्याला फोन लावून स्पीकर बंद ठेवून बोला.

हात लावण्याआधी

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण इथेच माणसं हातातून निसटतात.

बीपी बघणं हे आपल्याला सगळ्यात साधं काम वाटतं. एकदा नीट बघा. तुम्ही न बोलता तिचा दंड धरता, पदर सारता, पट्टा गुंडाळता. पट्टा फुगतो, दंड आवळला जातो, आणि जिचा दंड धरून तिला रोज भिंतीवर आपटलं जातं तिचे खांदे कानापर्यंत वर जातात. श्वास अडकतो. पारा 160 वर. तुम्ही ‘बीपी हाय’ लिहिता. आता हेच दुसऱ्या पद्धतीने करा. “मावशी, बीपी बघू? पट्टा जरा घट्ट होईल, दुखलं तर हात वर करा, लगेच सोडते. कोणता हात देता?” हात तिने द्यायचा. पाच मिनिटं बसू द्यायचं आणि मग मोजायचं. कुणाचंही बीपी असं पाच मिनिटं बसवूनच मोजायचं असतं, म्हणजे यात जास्तीचं काही मागितलेलंही नाही.

पोट तपासताना, अंगावरचा कपडा बाजूला करताना, आतून तपासताना याच क्रमाने जा: काय करणार ते आधी सांगायचं, परवानगी विचारायची, मध्येच थांबवायची खूण ठरवायची, प्रत्येक पायरीला पुन्हा सांगायचं. “पाय फाकव” हे वाक्य कायमचं सोडा. त्याऐवजी “गुडघे वर घ्या, सैल सोडा, तयार असलात की सांगा.” आज नको म्हणाली तर आज नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावायचा नाही. ती पुन्हा येण्याची शक्यता त्यामुळेच वाढते.

बाळंतपणाच्या खोलीत तर हे हजारपट लागू. “करताना गोड लागलं, आता ओरडतेस कशाला?” हे वाक्य किती बायांनी ऐकलंय, ते त्यांना एकट्यात विचारून बघा. चापट मारणं, शिव्या देणं, टाके घालताना भूल न देणं, हा छळ आहे आणि बाई तो पुढच्या बाळंतपणापर्यंत विसरत नाही. दुसऱ्या वेळी ती घरातच राहते. जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात नाल्यांना पाणी येतं, अशा वेळी घरात राहणं जिवावर बेततं. सोबत एक बाईमाणूस ठेवण्याची परवानगी केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी 2016 मध्येच दिलेली आहे. जागा नाही म्हणून ती नाकारली जात असेल, तर एक स्टूल आणि एक पडदा मागून घ्या.

लैंगिक अत्याचार झालेली बाई किंवा मूल आलं तर तीन गोष्टी पक्क्या ठेवा. प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे, सरकारी असो की खासगी, आधी पोलीस केस करून या असं म्हणायचं नाही. टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत बोटं घालून करायची ती तपासणी, करायची नाही: सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती बाईच्या प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली आणि 2022 मध्ये पुन्हा बजावलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी. आणि 18 वर्षांखालचं मूल असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मुलाला “मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन कधी देऊ नका. “तुला सुरक्षित ठेवायला मला काही जणांना सांगावं लागेल, कुणाला सांगायचं ते तुला आधी सांगेन” हे खरं आहे आणि पाळता येतं.

किती विचारायचं

नवीन माणूस दोन टोकांना जातो. एक तर काहीच विचारत नाही, नाहीतर खणत बसतो. आघाताचं भान ठेवायचं म्हणजे प्रत्येकाची कहाणी बाहेर काढायची, असा गैरसमज प्रशिक्षणांतूनही पसरतो. सांगून मोकळं होतं हे खरं, पण सांगायची वेळ आणि माणूस तिने निवडला तरच. तिचं काय झालं हे कळलं नाही तरी तिला हळुवार वागवता येतं, आणि सगळ्यांनाच तसं वागवलं की कुणाला वेगळं काढावंच लागत नाही.

अंगावर वळ दिसले, वारंवार ‘पाय घसरला’ ऐकू आलं, नवरा एक क्षण बाजूला होत नसेल, तर एकांत मिळवून एकदा विचारा. लघवी तपासायची आहे म्हणून तिला एकटीला आत न्या. “बऱ्याच बायांना घरात त्रास होतो म्हणून मी सगळ्यांना विचारते. तुम्हाला घरी कुणाची भीती वाटते का?” नाही म्हणाली तर ठीक. “कधी वाटलं तर मी मंगळवारी-शुक्रवारी इथे असते.” सांगितलं तर ऐका. “तुमची यात चूक नाही” हे म्हणा. “मग सोडून का देत नाहीस?” हे म्हणू नका. घरी परत जाणं आज सुरक्षित आहे का, ते विचारा. कागद, थोडे पैसे, एक नंबर कुठे ठेवता येईल, याचा विचार तिच्याबरोबर करा. चिठ्ठीवर ‘मारहाण’ लिहिलेली घरी गेली आणि नवऱ्याने वाचली तर काय होईल, याचाही. तुमच्या नोंदीत मात्र जखमा स्पष्ट लिहा. पुढे कोर्टात तोच कागद तिच्या बाजूने उभा राहतो.

औषध प्यालेला माणूस

शेतीच्या भागात ‘औषध प्याला’ म्हटलं की कसलं औषध ते विचारावं लागत नाही. रात्री अकराला रिक्षातून आणतात, तोंडाला फेस, अंगाला तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा वास. नळी घालताना मी ऐकलेली वाक्यं: “आता बरं वाटतंय का?” “मरायचं होतं तर इथे कशाला आलास?” तिथे सगळे दमलेले असतात हे मला माहीत आहे, मीही दमलेली असायची. पण शुद्धीवर येताना माणसाच्या कानात ती वाक्यं जातात, आणि महिन्याभराने तो पुन्हा डबा उघडतो.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. नातेवाइकांना हे सांगा. पोलीस केसच्या भीतीने ते रुग्णाला अर्धवट उपचारावर घरी पळवतात. डिस्चार्जच्या दिवशी दोन कामं करा: घरातला डबा कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला लावा, आणि तीन दिवसांनी स्वतः फोन करा. कारण कर्जाचं असलं तर तेही बोला. आठवड्याच्या हप्त्याला दारात येऊन बसणाऱ्या वसुलीवाल्यांनी बायांचं जगणं अवघड केलं होतं. कर्नाटक सरकारने 2025 च्या फेब्रुवारीत जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, हे निम्म्या बायांना माहीतच नसतं.

पुढे पाठवताना

‘रेफर’ हा शब्द रुग्णाच्या कानाला ‘जा’ असा ऐकू येतो. बेळगावला सिव्हिलमध्ये कुठल्या नंबरच्या खोलीत, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, बसने उतरून किती चालायचं, हे सांगितल्याशिवाय पाठवू नका. पहिल्या खेपेला शक्य झालं तर आशाताईला सोबत द्या.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं: “धारवाडला न्या त्याला.” तिथे मनोरुग्णालय आहे, म्हणजे वेडा ठरवला, विषय संपला. म्हणून सुरुवात धारवाडच्या नावाने करू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम इथेच आहे. त्याची मूळ कल्पना कर्नाटकातलीच, 1980 च्या दशकात बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात राबवून दाखवलेली, आणि 1996 पासून ती देशभर गेली. तालुका इस्पितळात त्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते विचारून भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. “डोक्याचे डॉक्टर” न म्हणता “झोपेसाठी, धडधडीसाठी दाखवायचे डॉक्टर” म्हटलं की माणसं जातात.

नंबर स्वतः एकदा लावून बघितल्याशिवाय कुणाला देऊ नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. बायांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीला 112, अ‍ॅम्ब्युलन्सला 108. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी म्हणून कर्नाटकात सीडीपीओ म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी काम बघतात, त्यांच्या ऑफिसात एकदा जाऊन ओळख करून या. गरज पडेल तेव्हा अनोळखी माणसाला फोन करावा लागू नये.

नदीकाठी काम असेल तर

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेने काठची गावं रिकामी करायला लावली. आता दरवर्षी टीव्हीवर ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ एवढं आलं, कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेल्याचं कळलं, की खालच्या आळीत बीपी वाढलेले, दम लागलेले, रात्री उठून उंबऱ्यावर बसलेले लोक सुरू होतात. जुलै लागायच्या आधीच त्या आळीत एक फेरी मारा: औषधं महिनाभराची द्या, चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.

शाळेत निवारा केंद्र उघडलं तर जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची साधी पद्धत पुरते: बघा, ऐका, जोडा. कोण एकटं आहे, कोण थरथरतंय ते बघा. बोलू लागलं तर ऐका, पण “कसं वाहून गेलं ते सांगा” असं म्हणून आठवायला लावू नका. मग जेवण, कोरडे कपडे, हरवलेला नातेवाईक, गुरांचा चारा यांच्याशी जोडून द्या. गोठ्यातल्या म्हशीचं काय झालं हे कळेपर्यंत माणूस तुमची गोळी घेणार नाही, ते रास्तच आहे. आणि ज्याचं घर पाण्याखाली आहे त्याला आधार कार्ड आणा म्हणू नका.

तुमचं आणि आशाताईंचं

आशाताई त्याच गल्लीत राहते. जिच्या घरची मारहाण ती नोंदवते, त्या नवऱ्याची आणि तिची पाण्याच्या टाकीवर रोज गाठ पडते. करोनात दारोदार गेली तेव्हा तिला घरात घ्यायला शेजारी तयार नव्हते. कितीतरी जणींच्या स्वतःच्या अंगावर वळ असतात. महिन्याच्या मीटिंगमध्ये आकड्यांआधी पंधरा मिनिटं “या महिन्यात जड काय गेलं” यासाठी राखा. कुणी बोललं नाही तरी चालेल, चहा प्या. त्या पंधरा मिनिटांत कुणाला झापायचं नाही. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापलेली सिस्टर तासाभराने तोच आवाज रुग्णावर काढते, हे मी अनेकदा बघितलंय.

तुम्हाला स्वतःला झोप उडाली, घरच्यांवर चिडचिड सुरू झाली, एखादा चेहरा डोळ्यांपुढून जाईना, तर 14416 तुमच्यासाठीही आहे.

सहा महिन्यांनी

तीच वही काढा. परत आलेल्या नावांपुढे तारीख घाला आणि शक्य होईल त्यांना विचारा, कशामुळे आलात. मोठी कारणं निघत नाहीत. निपाणीकडच्या एका विडी कामगार मावशींना मी विचारलं होतं. सुपात पानं कातरता कातरता, मान वर न करता म्हणाल्या, “पडदा लावलासा न्हवं.”

जी नावं अजून रिकामी आहेत त्यांच्या वस्त्या पुन्हा एकदा बघा, पुढच्या सहा महिन्यांचं काम तिथे आहे. आणि बदलीची ऑर्डर आली तर ती वही कपाटात ठेवून जाऊ नका. येणाऱ्याच्या हातात द्या आणि पहिल्या दोन घरी त्याला स्वतः घेऊन जा.